बायोडेटा यंत्राने लिहिला, उत्तरे कोणी द्यायची?



गेल्या महिन्यात आमची पुतणी अंबरनाथच्या एका कंपनीत मुलाखत देऊन परत येत होती. कर्जतला उतरली तेव्हा खोपोलीची गाडी नुकतीच सुटली होती, म्हणून ती आमच्याकडे आली. पाणी दिले, चहा दिला, तरी बोलेना. शेवटी पिशवीतून दोन पानांचा कागद काढून तिने आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "काका, हे वाचा. यात लिहिलेली मुलगी मी नाहीच."

कागद इंग्रजीत होता आणि दिसायला देखणा होता. प्रयोगशाळेचे नेतृत्व केले, चाचण्यांचा वेग तीस टक्क्यांनी वाढवला, एचपीएलसी यंत्रावर प्रावीण्य आहे, असे बरेच काही त्यात होते. आमच्या पुतणीने केमिकलचा डिप्लोमा केला आहे आणि खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे कंत्राटावर काम केले आहे. एचपीएलसी यंत्र तिथे होते, पण वेगळ्या खोलीत. कंत्राटी मुलींनी त्याला हात लावायचा नाही असा नियम होता. मुलाखतीच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न नेमका त्या यंत्रावर विचारला. तिला उत्तर देता आले नाही. साहेब रागावले नाहीत, फक्त कागद मिटून बाजूला ठेवला. तेच तिला जास्त लागले.

"मग हे लिहिलंस कशाला?" आम्ही विचारले.

"मी नाही लिहिलं, काका. त्यानंच लिहिलं."

हा 'तो' म्हणजे एआय, कृत्रिम बुद्धिमत्ता. झाले असे की, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरांनी सर्व मुलांना लिंक्डइनवर खाते काढायला लावले होते. लिंक्डइन ही नोकरी-धंद्यातल्या माणसांची फेसबुकसारखी जागा. २००३ साली ती अमेरिकेत सुरू झाली आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. आपले शिक्षण, काम, कौशल्ये तिथे लिहायची. कंपन्यांची माणसे तिथे उमेदवार शोधतात. पुतणीने तेव्हा चार ओळी लिहिल्या आणि कौशल्यांच्या यादीत मैत्रिणीचे बघून पाच-सहा शब्द टाकले. त्यात एचपीएलसी होते, कारण पुस्तकात तो धडा होता. संगणकावर आपले प्रोफाइल उघडले की 'मोअर' किंवा 'रिसोर्सेस' असे बटण दिसते, त्यातून सगळे प्रोफाइल पीडीएफ करून घेता येते. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तिने ते काढले. दुकानातल्या मुलाने ते एका एआयच्या साधनात टाकले आणि 'चांगला रेझ्युमे बनव' एवढेच लिहिले. मिनिटभरात दोन पाने तयार.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, पाठोपाठ गुगलचे जेमिनी आणि इतर आली. ही साधने अफाट मजकूर वाचून शिकलेली आहेत. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल हे त्यांना उत्तम जमते. पुष्कळ रेझ्युमेंत 'इतक्या टक्क्यांनी वाढवले' असे असते, म्हणून तीही तसे लिहितात. ते खरे आहे की खोटे, हे त्यांना कसे कळणार? त्या प्रयोगशाळेत ती कधी गेलेली नाहीत. चार ओळींची दोन पाने करायला सांगितली, तर मधली जागा कशाने तरी भरणारच.

पुतणीचे आजोबा रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एचओसीत, होते. सरकारने ती कंपनी १९६० साली स्थापन केली. २०१७ साली केंद्राच्या निर्णयाने रसायनीचे बहुतेक विभाग बंद झाले. आजोबांचा अर्ज टायपिंगवाल्याने केला होता. त्यात स्पेलिंगच्या चुका असत, पण तो स्वतःच्या मनाने कोणाला पदवी देत नसे!

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिला वही घेऊन बसवले. म्हटले, इंग्रजी सोड. सकाळी कारखान्यात गेल्यापासून काय काय करायचीस, ते मराठीत सांग. मग हळूहळू एकेक निघू लागले. टाक्यांतून नमुने आणायचे. पीएच, आर्द्रता, टायट्रेशन. एका पाळीत पंधरा ते वीस नमुने. रोज सकाळी वजनकाटा तपासायचा, रजिस्टर भरायचे, ब्युरेट धुवायचे. एकदा आलेल्या टँकरच्या नमुन्यात आम्लता जास्त निघाली. सुपरवायझर म्हणाले, तुझे चुकले असेल, पुन्हा कर. तिने तीनदा केले, तिन्ही वेळा जास्तच आली. टँकर परत गेला.

"हे कुठे लिहिलंयस?" आम्ही विचारले.

"हे काय लिहायचं? ते तर कामच होतं."

वाचकहो, इथे आम्हाला थांबावे लागले. आपल्या घरात राबण्याची इतकी सवय झाली आहे की मुलांना आपले काम सांगण्यासारखे वाटत नाही. टँकर परत पाठवणारी मुलगी ते विसरून जाते आणि न हाताळलेल्या यंत्राचे नाव लिहिते. तीन वर्षे दर रविवारी ती विहारात शाळेच्या मुलांना गणित शिकवते, आईच्या बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते. यातले काहीच तिच्या प्रोफाइलवर नव्हते. मग यंत्र तरी ते कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी वहीतला सगळा मजकूर तिने मोबाइलवर मराठीतच यंत्राला दिला. सोबत आम्ही सांगितले तसे लिहिले: 'मी सांगितले तेवढेच साध्या इंग्रजीत एका पानावर लिही. नवा आकडा, नवे पद, नवे यंत्र घालू नकोस. कमी वाटले तर आधी मला प्रश्न विचार.' आणि खरोखरच त्याने प्रश्न विचारले. नमुने किती? नोंदी कशात ठेवत होता? सॅप येते का? तिने उत्तर दिले, एक्सेल येते, सॅप येत नाही. या कामाला यंत्र चांगले आहे, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो. असे इंग्रजी लिहून देणारा माणूस आपल्या वस्तीत किती जणांना मिळतो?

तयार झालेले पान तिने ओळीओळीने मोठ्याने वाचले आणि प्रत्येक ओळीला आम्ही 'याचे उदाहरण दे' म्हणत गेलो. दोन ओळींना देता आले नाही, त्या खोडल्या. एक इंग्रजी शब्द तिला उच्चारता येईना, तोही काढला. मग लिंक्डइनवरचे एचपीएलसीही काढून टाकले, कारण कंपनीवाले दोन्ही ताडून पाहतात. फोटो, रंगीत चौकटी, तक्ते ठेवले नाहीत. पुष्कळ कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो आणि अशा सजावटीत तो अडखळतो. आधार, पॅन, बँक यांचे आकडे यंत्राला देऊ नयेत. मोबाइल नंबर आणि पत्ता तिने शेवटी स्वतःच्या हाताने घातला.

जुन्या छापील बायोडेट्यात धर्म, जात, वैवाहिक स्थिती असे रकाने असत. खासगी कंपनीच्या अर्जात त्यांची गरज नाही. सरकारी अर्जाची गोष्ट निराळी. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात समावेश झाला; तिथे दाखल्यावर आहे तसेच अक्षर न् अक्षर भरावे, यंत्राच्या हाती देऊ नये.

"आणि आडनाव?" पुतणीने विचारले. "काढू का?"

प्रश्न पोरकट नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटेवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले होते. त्यांतल्या सारख्या पात्रतेच्या अर्जांत फरक फक्त नावाचा. पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची दलित नावाची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची त्याहून कमी. यंत्र निवड करील तर न्याय होईल, असे म्हणावे तर ॲमेझॉन कंपनीचा अनुभव आहे. तिने २०१४ पासून अर्ज निवडणारे यंत्र बनवायला घेतले होते. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यावरून ते शिकले आणि बायकांचे अर्ज खाली ढकलू लागले. शेवटी ते सोडून द्यावे लागले. २०१८ मध्ये ही बातमी जगभर झाली.

आम्ही चटकन 'काढू नकोस' म्हणालो आणि मग गप्प बसलो. कारण पोट तिचे आहे, आमचे नाही. जे तरुण नुसते पहिले नाव लिहितात त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. पण प्रमाणपत्रांवर आडनाव असतेच, फाइल उघडली की ते दिसणार. थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "असू दे. एचओसीच्या गेटवर आजोबांचं हेच लिहिलेलं होतं की."

नवे पान तिने पाताळगंगेला दोन ठिकाणी आणि तळोजाला एका ठिकाणी पाठवले. तळोजाहून येत्या शुक्रवारी बोलावणे आहे. रोज संध्याकाळी ती आईला साहेब करून समोर बसवते. वहिनींना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या मराठीतच विचारतात, आणि पहिला प्रश्न रोज एकच असतो: "तो टँकर परत का पाठवलास गं?"