नोंदवहीतील रिकामा रकाना

घरातील मुलगा किंवा सून डॉक्टर होऊन बाहेर पडली, की व्यापारी कुटुंबात दवाखान्याची तयारी सुरू होते. वडील पेठेतील जागा देतात, काका जामीनदार म्हणून सही करतात, सोनोग्राफी यंत्रासाठी बँकेचे कर्ज निघते. पाटीवर नाव डॉक्टरांचे असते. तिच्यामागे मात्र अवघ्या घराची पत उभी असते. हा सारा व्यवहार उभा राहतो तो एका नोंदीवर. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव असेल, तरच त्यांना राज्यात व्यवसाय करता येतो. म्हणूनच फौजदारी खटल्याने ही नोंद केव्हा आणि कशी संकटात येते, हे घरातील कर्त्या मंडळींनीही जाणून घेणे हिताचे आहे.

सामान्य नियम तसा दिलासा देणारा आहे. केवळ पोलिसांत तक्रार झाली म्हणून डॉक्टरांचे नाव नोंदवहीतून जात नाही. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरविणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. म्हणजे तेथे प्रश्न दोषसिद्धीचा असतो. उपचारांतील हलगर्जीपणाच्या आरोपांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली तपास यंत्रणेला मर्यादा घालून दिली. तज्ज्ञ डॉक्टरांचे निष्पक्ष मत घेतल्यावाचून पुढे जाऊ नये आणि सरसकट अटक करू नये, असे त्या निकालाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्येही, उपचार करताना हलगर्जीपणाने मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरांसाठी कमाल शिक्षा दोन वर्षांची आहे. इतरांसाठी ती पाच वर्षांची आहे.

तथापि एक कायदा या सामान्य नियमाला अपवाद आहे. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम २३ नुसार, न्यायालयाने आरोप निश्चित करताच समुचित प्राधिकारी डॉक्टरांचे नाव वैद्यक परिषदेकडे कळवितो, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत नोंदणी निलंबित होऊ शकते. दोष सिद्ध झाला तर पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षे आणि पुढच्या गुन्ह्यासाठी कायमचे नाव वगळले जाते. शिवाय पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आहेच. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तडजोडीस अपात्रही. व्यापारात अनेक तंटे चार मध्यस्थांच्या साक्षीने मिटतात. येथे ती वाट कायद्यानेच बंद केली आहे.

‘आम्ही कधीच गर्भलिंग सांगत नाही, मग भीती कसली?’ असा प्रश्न सचोटीने काम करणारे डॉक्टर विचारतात. त्याचे उत्तर ‘फॉर्म एफ’ या साध्या दिसणाऱ्या कागदात आहे. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करताना तिचे नाव, वय, पत्ता, आधीची अपत्ये, तपासणीचे कारण आणि गर्भाचे लिंग सांगितले नसल्याचे डॉक्टरांचे प्रतिज्ञापन त्यात भरावे लागते. या नोंदीत उणीव वा चूक आढळली, तर कायद्याचा भंग झाला असे मानले जाते. तो झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार डॉक्टरांवर येतो. ही किरकोळ कारकुनी चूक समजावी, अशी मागणी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाने सर्वोच्च न्यायालयात केली होती. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ती फेटाळली आणि निलंबनाची तरतूदही वैध ठरविली. नोंद हीच या कायद्याची तपासणीची किल्ली आहे. तीच ढिली पडली तर गुन्हा शोधणार कसा, असा त्यामागील विचार आहे.

ही कठोरता अकारण नाही. महाराष्ट्राने या विषयावर १९८८ मध्येच, देशाच्या आधी, स्वतंत्र कायदा केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्या बाजूने साक्ष देणारे या कागदांवाचून दुसरे काही उरत नाही.

कायद्याचा हात केवळ डॉक्टरांपर्यंत थांबत नाही. केंद्राचा मालक, तेथे नोकरी करणारी परिचारिका वा तंत्रज्ञ यांनाही कलम २३ लागू होते. केंद्र कंपनीच्या वा भागीदारीच्या नावे असेल, तर कारभाराची जबाबदारी असणारी व्यक्तीही आरोपी होऊ शकते. त्या काळात यंत्राला मोहोर लागते, केंद्राची नोंदणी थांबते, मात्र बँकेचा हप्ता थांबत नाही. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला, की खाते अनुत्पादक ठरते आणि मागणीची नोटीस जामीनदाराच्या दारी येते. खटला वर्षानुवर्षे चालतो; अखेर निर्दोष सुटका झाली तरी गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

यावर उपाय पेढीवर शिकलेलाच आहे. दिवसाचा रोजमेळ त्याच दिवशी जुळवावा, तसा प्रत्येक फॉर्म एफ रुग्ण टेबलावरून उठण्यापूर्वी पूर्ण करावा आणि डॉक्टरांनी स्वतः वाचून सही करावी. मदतनिसाच्या हाती कोऱ्या सह्या ठेवू नयेत. महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे पोहोचवून पोच जपावी. नोंदी किमान दोन वर्षे, आणि खटला चालू असल्यास त्याच्या अंतिम निकालापर्यंत ठेवाव्यात. नवे यंत्र घेताना वा जागा बदलताना आधी लेखी कळवावे. वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण चुकवू नये. परिषदेची नोटीस आलीच, तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे. परिषदेच्या निर्णयावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाकडे आणि त्यानंतर आयोगाकडे अपील करता येते.

आणि केंद्रासाठी जामीन राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक फाइल जरूर मागून पाहावी: मागील महिन्याच्या फॉर्म एफची. तीत एकही रकाना रिकामा नसेल, तर खुशाल सही करावी.