येईन की येणार?

आमच्या शेजारच्या काकूंना परवा इंग्रजी व्याकरणात एक शंका आली. हसू नका. काकूंचे शिक्षण मराठी चौथी; पण शंका अशी, की मॅट्रिक झालेल्यालाही घाम फुटावा.

त्यांचा नातू विलायतेतच वाढलेला. मराठी त्याला समजते, लिहिता येत नाही. दिवाळीबद्दल त्याने इंग्रजीत एक ओळ पाठवली. ती घेऊन काकू चांदवडच्या आमच्या घराची पायरी चढल्या.

"भाऊ, एवढंच सांगा, तो येईन म्हणतोय की येणार म्हणतोय?"

"एकच की ते!"

"एकच कसं? येईन म्हणजे आला तर आला. येणार म्हणजे बोचकं बांधलेलं. अनारशाचे तांदूळ आज भिजत घालायला हवेत. तीन दिवस पाणी बदलायचं, मग वाळवून कुटायचे. एकटीसाठी कोण करतंय?"

ओळ होती, 'आय विल कम फॉर दिवाळी.'

मला आमचे इंग्रजीचे मास्तर आठवले. 'आय' आणि 'वुई'ला शॅल, बाकी साऱ्यांना विल. निर्धार किंवा धमकी असली की उलटे. चुकले की छडी. पाण्यात पडलेला परदेशी 'शॅल'च्या जागी 'विल' ओरडला, म्हणजे 'मी बुडणारच, कोणी वाचवायचे नाही' असे म्हणून बसला, आणि काठावरच्या सभ्य मंडळींनी त्याच्या इच्छेला मान दिला, ही गोष्ट तेव्हाचीच. पुढे कळले, की हा नियम जॉन वॉलिसने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणात प्रथम मांडला. अनंताचे चिन्ह गणितात आणणारा तोच हा गृहस्थ! आणि 1906 साली फाउलर बंधूंनी लिहून ठेवले, की हे दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यालाच जमते, इतरांना जवळजवळ नाहीच. मग आमच्या हातांवरचे वळ कोणाच्या खात्यावर मांडायचे?

खरे म्हणजे इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्ययच नाही. 'विल' मूळचा इच्छेचा शब्द, 'शॅल' देणे लागण्याचा. आपल्याकडे ईन, शील, ईल असे घरचे प्रत्यय आहेत. पण आपण तरी ते कुठे नीट वापरतो? चप्पल सापडत नसताना 'आलोच' म्हणतो. इंग्रज 'इफ इट रेन्स' म्हणतो, तिथे आपण 'पाऊस पडला तर'. आमच्या या कोरड्या तालुक्यात न पडलेला पाऊसही आधी भूतकाळात टाकून ठेवावा लागतो. (मी मात्र शाळेत दर वर्षी 'इफ इट विल रेन' लिहीत असे.)

असो. काकू वाट पाहत होत्या. हल्लीच्या व्याकरणाप्रमाणे आधीच ठरलेला बेत 'गोइंग टू'ने सांगतात. तिकीट काढून सगळे जमवलेले असले, तर 'आय ॲम कमिंग'. नुसते 'विल' बहुधा त्या क्षणी मनात आलेले, किंवा वचन दिलेले. खोटे सांगावेसे फार वाटले.

"काकू, येईन म्हणतोय."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मनात आहे." वॉलिससाहेबांना न विचारता त्यांनी 'विल'चे मूळ गाठले होते! "घालते भिजत. पीठ काही नासत नाही, गुळात मुरून राहतं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरी ओळ आली. विमान गुरुवारी पहाटे मुंबईला उतरते. 'लँड्स', साधा वर्तमानकाळ.

"यात ते विल कुठंय?" काकूंनी डोकावून विचारले.

"नाही. वेळापत्रकातल्या गोष्टींना लागत नाही."

"मग?"

"मग येणार."

किती वाजता, हे काकूंनी विचारले नाही. आमच्या हिच्याकडे त्यांनी गूळ किसायला किसणी मागितली.