निवेदन गेले, हक्कांचे काय?

टेक्सासच्या विधिमंडळाने 2023 साली 'सिनेट बिल 17' संमत केले. 1 जानेवारी 2024 पासून त्या राज्यातील सरकारी विद्यापीठांना नोकरीच्या उमेदवाराकडून 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट' मागण्यास, अथवा ते दिले म्हणून त्यास झुकते माप देण्यास मनाई झाली. 2024 मध्ये आयडाहोने नेमणुकांबरोबर विद्यार्थ्यांच्या प्रवेशासही हीच बंदी लागू केली. युटाचा कायदा तर विद्यापीठांवर न थांबता शाळा व सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोहोचला. तेव्हापासून येथील आपल्या सुशिक्षित बांधवांत जणू सुतक पसरले आहे. त्या सुतकात सामील होण्यास प्रस्तुत लेखकाचा नकार आहे.

हे निवेदन होते तरी काय? वैविध्य व समता यांविषयी आपण काय मानतो, आजवर काय केले आणि पुढे काय करू, हे उमेदवाराने एक-दोन पानांत लिहावयाचे आणि निवड समितीने त्यास गुण द्यावयाचे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 2018-19 मध्ये जीवशास्त्र शाखांतील जागांसाठी आलेल्या 893 पात्र अर्जांपैकी 679 अर्ज केवळ या निवेदनावरून पहिल्याच चाळणीत बाद झाले. याच विद्यापीठाने 1949 मध्ये प्राध्यापकांकडून कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली होती. नकार देणाऱ्या 31 जणांना 1950 मध्ये काढून टाकण्यात आले आणि 1952 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयास त्यांच्या बाजूने निकाल द्यावा लागला. मनातील श्रद्धा लेखी मागण्याची सवय सत्तेस जुनीच आहे. आज ती आपल्या सोयीची वाटते म्हणून तिचे समर्थन करणाऱ्यांनी, उद्या त्या खुर्चीत कोण बसेल याचा विचार करावा.

आणि ती खरोखर आपल्या सोयीची होती काय? भारतातून आलेला सवर्ण उमेदवार या देशात गौरेतर अल्पसंख्याक ठरतो. पिढीजात विद्येचा व इंग्रजीचा वारसा असलेला हा गृहस्थ स्वतःच्या 'उपेक्षे'वर दोन पाने सफाईने लिहून मोकळा होतो. दलित उमेदवारापुढे मात्र पेच असतो. जात लिहावी, तर समितीतील एखादा देशबांधव ती वाचणार. न लिहावी, तर लिहिण्यासारखे उरते काय? अमेरिकन समितीस या दोघांतील अंतर कळण्याचा मार्गच नव्हता. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या घटनेतील कलम 16(4) सरकारी सेवांतील अपुऱ्या प्रतिनिधित्वाची दखल घेते. उमेदवाराच्या सद्भावनेचा निबंध ते मागत नाही.

मग टेक्सासच्या विधिमंडळास हार घालावयाचे काय? मुळीच नाही! त्यांना निवेदन हे निमित्त मिळाले. त्याच कायद्याने वैविध्य कार्यालयांवरही कुऱ्हाड चालविली. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने एप्रिल 2024 मध्ये आपला एक विभाग बरखास्त करून सुमारे 60 जणांना कामावरून कमी केले. सक्तीचे भाषण नको म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत मागास विद्यार्थ्याच्या मदतीची खिडकी का खुपावी? वास्तविक अध्यापन, संशोधन, विद्यार्थी संघटना आणि माहिती-संकलन यांना या कायद्यात स्पष्ट सूट आहे. भ्यालेल्या प्रशासकांस ती वाचून दाखविण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

प्रवेशाच्या निबंधाबद्दलही घबराट नको. 29 जून 2023 च्या हार्वर्ड निकालात वंशाधारित प्रवेशपद्धती अवैध ठरविताना मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी, वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी निबंधात सांगू शकतो, असे नमूद केले आहे. स्वतःचे आयुष्य सांगणे निराळे आणि मागितलेली मतनिष्ठा लिहून देणे निराळे.

आपली खरी मागणी जुनीच आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने तोच शब्द आपल्या कायद्यात घेतला. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यपाल न्यूसम यांनी कॅलिफोर्नियाचे 'सिनेट बिल 403' मात्र नकाराधिकार वापरून परत धाडले. त्या नकाराविरुद्ध जितका आवाज उठावयास हवा होता तितका उठला नाही, आणि निवेदनासाठी मात्र आपण गळा काढतो! भेदभाव करू नका, असे सांगणारा नियम म्हणजे कुणास झुकते माप नव्हे. तेव्हा ज्यांची मुले टेक्सास, युटा वा आयडाहोतील सरकारी विद्यापीठांत शिकत आहेत, त्यांनी तेथील भेदभावविरोधी धोरणाची प्रत मागवावी, त्यात 'जात' शोधावी आणि न सापडल्यास कुलगुरूंना लेखी विचारावे.