चिलखतापुढे तलवार

चिलखतावर तलवारीची धार सहसा चालत नाही. लोखंडी तारेच्या कड्या एकमेकींत ओवून चिलखत विणले जाते. बहुधा एकेक कडी भोवतालच्या चार कड्यांत अडकलेली असते. चांगल्या चिलखतात कड्यांची टोके चपटी करून रिव्हेटने पक्की केलेली असतात. वार पडला की जोर बऱ्याच कड्यांवर वाटला जातो आणि पात्याचीच धार मरते. चित्रपटांत एका घावात चिलखत चिरते, ते साफ खोटे आहे. धक्का मात्र आत पोहोचतो, हाडही मोडू शकते. म्हणून चिलखताखाली जाड शिवणीचा, कापूस भरलेला अंगरखा घालत.

टोकाचे तसे नाही. भोसकताना सगळा जोर एक-दोन कड्यांवर येतो आणि रिव्हेट उघडते. काही कट्यारींचे टोक यासाठीच जाड ठेवलेले असते, पेशकब्ज या खंजिराच्या पाठीला भक्कम कणा असतो. त्यावर उतारा म्हणून छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर पोलादी पत्रे आले. चारआयना तो हाच.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भोसकण्यापुढे चिलखताची कसोटी लागली. सभासद बखरीनुसार भेटीच्या मिठीत अफजलखानाने शिवाजी महाराजांची मान बगलेत धरून कुशीत जमदाड, म्हणजे कट्यार, चालवली. ती अंगातल्या कुडतीवर (ती चिलखताची मानली जाते) खरखरली, अंगाला लागली नाही. हत्यार भोसकण्याचे, तरी ते अडले. मिठीत हात मागे घ्यायला जागा नसते आणि पाते तिरके लागले तर कड्यांवरून घसरते. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आलेली, परंपरेने याच भेटीशी जोडलेली वाघनखे पाहायला लोकांनी गर्दी केली. भेटीच्या दिवशी महाराजांचा जीव वाचवणाऱ्या चिलखताची आठवणही तितक्याच आदराने व्हायला हवी. त्याच झटापटीत पुढे खानाचा रक्षक सय्यद बंडा महाराजांवर पट्टा घेऊन धावला, तेव्हा महाराजांच्या जिवा महालाने त्याचा हातच तोडला, असे परंपरा सांगते. चिलखत घातलेल्यावरही तलवारीचा खरा नेम असाच असे: हात, मान, चेहरा, पाय.

तरीही धोप, पट्टा अशा तलवारी मागे पडल्या नाहीत, कारण चिलखत महाग होते. वजन दहा किलोच्या आसपास, त्यात दख्खनचे ऊन आणि घाटातली चढण. दौडीवर भिस्त असलेल्या मराठी फौजेत बहुतेक शिपाई त्याविनाच लढत. समोरच्या फौजेतही कड्यांचे कवच सरसकट नसे. कवच नसलेल्या अंगावर बाकदार पात्याचा ओढता वार खोल जाई.