विचारणारा पाहून उत्तर

डॅन्यूबकाठचे इंगोलश्टाट आज ऑडीच्या मोटारींचे गाव म्हणून ओळखले जाते. पण १ मे १७७६ रोजी इथल्या विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक आडाम वाइसहाउप्ट यांनी ‘इलुमिनाटी’ ही गुप्त संघटना काढली. ती आजही जग चालवते असे मानणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात बव्हेरियाच्या राजवटीने दहा वर्षांच्या आत तिचा गाशा गुंडाळला. तिच्या पत्रव्यवहारात म्युनिकला अथेन्स म्हणत, ऑस्ट्रियाला इजिप्त आणि वाइसहाउप्ट यांना स्पार्टाकस. खरे नाव कळायचे ते आतल्याला. आतल्यांतही पायऱ्या होत्या; खालच्या पायरीवरच्याला वरचे प्रमुख कोण, हे ठाऊक नसे.

संगणकांच्या जगाची सुरुवात नेमकी उलट झाली. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सर्व यंत्रांची नावे व पत्ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट एकाच फाइलमध्ये ठेवी; कोणीही पाहिले तरी पत्ता तोच. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली आणि ही यादी सांभाळण्याचे काम अनेकांत वाटले गेले. पुढे पत्त्यांची टंचाई आली. १९९६ च्या नियमाने १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी राखले गेले. बाहेरच्याला ते निरुपयोगी, म्हणून एका नावाला दोन उत्तरे हवी झाली. २००० मध्ये आलेल्या ‘बाइंड ९’ या डीएनएस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरने त्यासाठी ‘व्ह्यू’ची सोय दिली: कार्यालयातल्या यंत्राने मेल सर्व्हर विचारला की आतला पत्ता, बाहेरच्याने विचारला की सार्वजनिक. सर्व्हर हे व्ह्यू वरून खाली तपासतो आणि जुळणारा पहिला धरतो. ‘कोणीही’ असा व्ह्यू चुकून वर लिहिला, तर आतल्यांची पाळी येतच नाही.

विचारणारा पाहून असे वेगळे उत्तर देण्यात गैर काही नाही. नाव ज्याचे, उत्तर त्याचे. मात्र याला कुलूप समजू नये. इलुमिनाटीची कागदपत्रे १७८६ मध्ये लांड्सहूटला एका सदस्याच्या घरी सापडली आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती छापून मोकळी केली.

दुसऱ्याच्या नावाचे उत्तर बदलणे ही मात्र वेगळी गोष्ट. जर्मनीने २००९ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे दाखवणाऱ्या संकेतस्थळांची नावे इंटरनेट कंपन्यांच्या सर्व्हरवर अडवण्याचा कायदा संमत केला. हेतूबद्दल वाद नव्हता. यादी गुप्त राहणार, यावर होता. विरोधातील याचिकेवर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २०११ अखेर कायदा रद्द झाला. प्रथा संपली नाही. २०२१ पासून स्वामित्वहक्कधारक आणि इंटरनेट कंपन्यांच्या संयुक्त मंडळामार्फत स्वामित्वहक्क मोडणाऱ्या संकेतस्थळांची नावे याच रीतीने अडवली जाऊ लागली.

अडवायचेच असेल तर तसे सांगून अडवावे. २०२० पासून डीएनएसच्या उत्तरात त्याचे कारण देता येते: १५ म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यानेच अडवले, १६ म्हणजे बाहेरच्या आदेशामुळे, १७ म्हणजे ग्राहकाच्याच विनंतीवरून. हा आकडा पाठवणे जर्मनीत काय, भारतात काय, सक्तीचे करायला हवे.