संरक्षण झाले, नियोजनाचे काय?

दिल्लीच्या हौज खास भागातील मृगउद्यानात १९६० च्या दशकात सहा चितळ आणून सोडण्यात आले. सहा दशकांत त्यांची संख्या सहाशेच्या घरात गेली. कुंपणाच्या आत शिकारी प्राणी नाही, बाहेरून नवे जनावर येत नाही आणि आतल्यास बाहेर पडण्यास वाट नाही. अशा स्थितीत कळप वाढत राहणे आणि जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहणे अटळ होते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये नेमक्या याच कारणांवरून उद्यानाची मान्यता काढून घेतली. हे चितळ राजस्थानातील व्याघ्र प्रकल्पांत आणि दिल्लीच्याच असोला अभयारण्यात हलवावेत, असे ठरले. प्रकरण न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढील स्थलांतर थांबवून केंद्रीय अधिकारप्राप्त समितीला पाहणीचे आदेश दिले. राजधानीत, मंत्रालयांच्या सावलीत असलेल्या एका उद्यानातील हरणांचे काय करावे, हे ठरवण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला वेळ काढावा लागला. हरणांच्या प्रश्नाविषयी शासनाची तयारी किती, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही.

प्रश्न एका उद्यानाचा नाही. एकीकडे हरणे कुंपणात मावत नाहीत, तर दुसरीकडे विस्तीर्ण अरण्ये हरणांवाचून ओस पडली आहेत. २०२२ च्या गणनेत देशातील वाघांची सरासरी संख्या ३,६८२ भरली आणि तिचे योग्य ते कौतुकही झाले. परंतु एका वाघाला वर्षाकाठी हरणाच्या आकाराची सुमारे पन्नास जनावरे लागतात आणि ती पुरवूनही मूळ कळप टिकायचा, तर त्या वाघामागे जंगलात पाचशेच्या आसपास तृणभक्षी असावे लागतात, हे वन्यजीव अभ्यासकांचे गणित फारसे कोणी सांगत नाही. मध्य प्रदेशातील कान्हा-पेंचमध्ये हे गणित जुळते. छत्तीसगड, झारखंड आणि ओडिशाच्या अनेक वनांत ते जुळत नाही. तेथे वृक्ष आहेत, नकाशावर राखीव क्षेत्र आहे. पण तारेचे फास, मांसासाठी होणारी चोरटी शिकार, गुरांची चराई आणि तुकडे पडलेला अधिवास यांनी सांबर-चितळ विरळ केले आहेत. अशा जंगलात वाघ आणून सोडला, तर तो गावातील गुरांकडेच वळणार.

कायद्याकडे पाहिले, तर गोंधळाचे मूळ सापडते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा परवान्याने शिकारीची सोय त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. हा निर्णय योग्यच होता. परवान्याच्या आडून काय चालत असे, हे जुन्या वनाधिकाऱ्यांना ठाऊक आहे. शिकार बंद झाल्यावर उरले ते दोन दरवाजे. कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला वा उभ्या पिकाला धोका ठरलेले जनावर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. कलम ६२ नुसार केंद्र सरकार एखाद्या प्रजातीला ठरावीक क्षेत्रात, ठरावीक काळासाठी उपद्रवी घोषित करते आणि तेवढ्यापुरते तिचे संरक्षण संपते. प्रशासनाला बहुधा हेच दोन दरवाजे दिसतात. तिसरा दरवाजा कलम १२ मध्ये आहे. शास्त्रीय व्यवस्थापनासाठी प्राण्यांचे योग्य अधिवासात स्थलांतर करण्याची आणि न मारता संख्या आटोक्यात ठेवण्याची मुभा हे कलम देते. तो उघडायचा, तर आधी मोजणी लागते, पशुवैद्यक लागतात, पैसा लागतो आणि संयम लागतो. म्हणूनच तो क्वचित उघडला जातो.

दुसरा दरवाजा उघडला की काय होते, हे बिहारने दाखवून दिले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने तेथील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर यांना एक वर्षासाठी उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी सुमारे अडीचशे नीलगायी टिपल्या. नीलगाय हे शास्त्रानुसार हरीण नव्हे, कुरंग. पण पेच तोच. त्यावरून मनेका गांधी आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातील दोन सदस्य जाहीरपणे परस्परविरोधी बोलले. राज्याने मागणी केली म्हणून परवानगी दिली, असे जावडेकरांचे म्हणणे होते आणि कायद्याच्या दृष्टीने ते चूक नव्हते. मोकाम्याच्या टाळात डाळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणेही खोटे नव्हते. विदर्भात रोह्यांपासून पीक राखण्यासाठी रात्रीमागून रात्र जागलीला जाणाऱ्यांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्या वादात दोन साधे प्रश्न मागे पडले. त्या भागात नीलगायी एकूण किती आणि किती असणे तेथील जमिनीला झेपते? या उत्तरांवाचून केलेल्या कत्तलीने ना शेती सुरक्षित होते, ना वन.

शिकारीचे समर्थक अमेरिकेकडे बोट दाखवतात. तेथे १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो आणि हरणांच्या शिकारीचा कोटा हंगामागणिक ठरतो. पण त्या देशाने आपल्या बहुतेक भूभागातून लांडगा आधीच संपवला होता. त्याची जागा बंदुकीने घेतली. भारताने वाघ, बिबट्या, रानकुत्रा राखले आहेत. येथे पहिला हक्क त्यांच्या भक्ष्याचा आहे. याउलट अंदमानात ब्रिटिशांनी आणून सोडलेल्या चितळांना खाणारे कोणी नाही आणि ते कोवळी रोपे फस्त करीत असल्याने तेथील जंगलाची नवी पिढी उगवणे अवघड झाले आहे. म्हणजे एकच चितळ छत्तीसगडमध्ये हवाहवासा, हौज खासमध्ये नकोसा आणि अंदमानात अपायकारक आहे. देशभर एकच नियम लावून हा प्रश्न सुटणार नाही.

तो सुटू शकतो, याचे दाखलेही देशातच आहेत. कान्हातील कठीण जमिनीवरचा बारशिंगा १९७० मध्ये अवघा ६६ वर आला होता. गवताळ कुरणे मोकळी केली गेली, कुंपणात सुरक्षित पैदास झाली आणि आता त्याची संख्या हजारावर जाऊन सातपुडा व बांधवगडमध्येही त्याचे कळप उभे राहिले. त्यासाठी कुरणांतील गावे उठली, ही किंमतही विसरता कामा नये. मणिपूरच्या केबुल लामजाओमध्ये संगाई हरणे १९७५ मध्ये १४ मोजली गेली, ती २०१६ मध्ये २६० झाली. मात्र ज्या तरंगत्या फुमडींवर ती जगतात, त्या लोकताक सरोवरावरील इथाई बंधाऱ्यामुळे पातळ होत आहेत. संख्या वाढली तरी पायाखालची जमीन उरेलच असे नाही.

वन्यजीव हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे. तेव्हा केंद्राने राज्याकडे आणि राज्याने केंद्राकडे बोट दाखवणे थांबले पाहिजे. वाघांप्रमाणेच हरणांचीही नियमित गणना व्हावी, तीही केवळ व्याघ्र प्रकल्पांपुरती नव्हे, तर प्रत्येक वनविभागात, आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत. जेथे कळप अधिक, तेथून जेथे रिकामी अरण्ये आहेत तेथे स्थलांतराचा वार्षिक आराखडा असावा. हरीण पकडण्याच्या धक्क्यानेच मरू शकते; म्हणून त्याला हात न लावता, निमुळत्या होत जाणाऱ्या आडोशातून वाहनापर्यंत हाकण्याची बोमा पद्धत मध्य प्रदेशने आत्मसात केली आहे. ती इतर राज्यांनीही शिकावी. ज्या वनांत फास लागलेले आहेत, तेथे आधी फास काढावेत, मग हरणे सोडावीत. अन्यथा ते स्थलांतर म्हणजे चोरट्या शिकाऱ्यांना केलेला पुरवठा ठरेल. बंदिस्त उद्यानांत नर-मादी वेगळे ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून असावी. पिकाची भरपाई त्याच हंगामात मिळावी. आणि मारणे अपरिहार्यच ठरले, तर ते वनखात्याने, मोजणीनंतर, मर्यादा ठरवून करावे. हौशी बंदूकधाऱ्यांच्या हाती सोपवू नये.

यातील बहुतेक कामांसाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती नोंदवही, आणि ती दरवर्षी भरण्याची जबाबदारी घेणारा अधिकारी. सहाचे सहाशे होईपर्यंत साठ वर्षे गेली. त्यातील कोणत्याही वर्षी हा प्रश्न न्यायालयाबाहेर सुटला असता.