साठी, बुद्धि आणि रक्ताचा पुरवठा

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळली आहे कीं, वडील माणसांच्या बुद्धींत फरक पडूं लागला, तरी त्याचें कारण शोधावें असें कोणास वाटत नाहीं. आजोबा हिशेबांत चुकले, तर वय झालें; आजी जेवून उठल्यावर ‘मला कोणी वाढलेंच नाहीं’ म्हणाल्या, तर तो सुनेवरचा राग! गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्मृतिभ्रंश हा क्रोधाच्या परिणामांत गणला आहे. आजचें वैद्यक तोच शब्द शारीरिक विकारास लावतें. घरांत मात्र शरीराचा विकार स्वभावाचा दोष ठरतो, आणि आजारी माणूस बोलणीं खातो.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के. पण शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के तो एकटा घेतो. त्याच्यापाशीं सांठा जवळजवळ नसतोच. म्हणून रक्त अखंड पोंचलें पाहिजे. पिंपरी-चिंचवडच्या वाचकांस हें सहज कळेल. पवनेचें पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीस शुद्ध होतें व नळांवाटें घरोघर जातें. मोठा नळ फुटला, तर साऱ्या आळींत ओरड होते. परंतु शेवटच्या बारीक नळीस आंतून थर चढत गेला, तर नदी दुथडी भरून वाहत असतांहि टोंकाचें घर हळूहळू कोरडें पडतें. मेंदूचेंहि तसेंच आहे. मोठी धमनी बंद झाली, तर पक्षाघात होतो व सर्वांस दिसतो. पण वाढलेला रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांनीं बारीक धमन्यांच्या भिंती जाड व ताठ झाल्या, तर आंतल्या भागांतील तंतु वर्षानुवर्षें अर्धपोटीं राहतात, आणि ओरड कोणीच करीत नाहीं.

१९०६ सालीं अल्झायमर या जर्मन वैद्यानें वर्णिलेला विकार सर्वांत अधिक आढळतो. रक्तपुरवठ्याच्या दोषानें होणारा त्याच्या खालोखाल. पुष्कळ वृद्धांत दोन्ही एकत्र नांदतात. दुसऱ्यांत पुष्कळदां विस्मरणाआधीं विचार मंदावतो, बेत आखणें जमत नाहीं, पाऊल आखूड पडतें. झिजलेला मेंदू रक्तहि कमी मागतो. त्यामुळें कमी रक्त हें कारण कीं परिणाम, याचा निवाडा नेहमींच सोपा नसतो.

तथापि हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत ५० वर्षांवरील ९,००० हून अधिक माणसांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचा वरचा रक्तदाब १४० ऐवजीं १२० च्या खालीं आणण्याचा यत्न केला, त्यांच्यांत बुद्धीचा सौम्य ऱ्हास १९ टक्क्यांनीं कमी आढळला. पूर्ण स्मृतिभ्रंशाविषयीं मात्र तशी खात्री देतां आली नाहीं. हें वाचून कोणी आपल्या मनानें औषध वाढवूं नये. उठतांना घेरी येत असेल, तर डॉक्टरांस सांगावें. ‘आमच्या घरीं सारे सडपातळ’ म्हणून मधुमेहाविषयींहि निश्चिंत राहूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकें इंग्लंडांतील बालकांहून वजनानें बरींच कमी असलीं, तरी चरबी राखून असतात.

वडिलांच्या वागणुकींत फरक दिसतांच त्यांस डॉक्टरांकडे न्यावें. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव शाकाहारी घरांत विशेष आढळते. तिनें किंवा थायरॉईडच्या मंदपणानें आलेलें विस्मरण उपचारानें पुष्कळ सुधारूं शकतें. तोंड एकाएकीं वांकडें झालें, हात लुळा पडला वा बोबडी वळली, तर तडक रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें.

सत्तरीस प्रकट होणारा हा विकार पुष्कळदां चाळिशींतच घर करूं लागतो. म्हणून वडिलांस डॉक्टरांकडे नेणाऱ्या मुलानें व सुनेनें त्याच खेपेस आपलाहि रक्तदाब मोजून घ्यावा.